दोरावर बांधलेलं घर : कोरोनाच्या काळात ब्रिस्टलच्या बंदरात बोटीवर राहायचं असेल तर

लॉकडाऊन लागल्यापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतोच. "तुम्ही बोटीवर राहता ना? भाडं वाचतं म्हणे. आम्हीपण विचार करतोय." बहुतेक जण लंडन, रेडिंग, स्लाओकडचे. ऑफिस बंद आहे, काम घरून चालतं आणि एका खोलीच्या फ्लॅटला कंटाळलेत. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते. आता फेब्रुवारी २०२१ आहे आणि इंग्लंडात तिसरा लॉकडाऊन चालू आहे. आम्ही दोघं २०१९ च्या शेवटापासून ब्रिस्टलच्या फ्लोटिंग हार्बरमध्ये पन्नास फुटी नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यांसाठीच्या लांब, अरुंद बोटीवर, राहतो.

मी समुद्रकाठच्या हर्णैची, नवरा लातूरचा. बोटीवर माझीच सवय कामाला येणार असं आम्ही धरून चाललो होतो. झालं उलटंच. इथे लाटा नाहीत की वारा नाही. रोज काय करायचं, तर पाणी मोजायचं. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

आधी बंदर समजून घ्या

ब्रिस्टल समुद्रावर नाही. अ‍ॅव्हन नदीतून बरंच आत यावं लागतं. नदीच्या मुखाशी, अ‍ॅव्हनमथला, उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत बारा मीटरहून जास्त फरक पडतो. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाणार म्हटलं की महापालिका इशारे देते, त्यावरून अंदाज करा. पूर्वी ओहोटी लागली की इथली जहाजं धक्क्यालाच चिखलात बसायची. विल्यम जेसप या इंजिनिअरने नदीचं जुनं पात्र बांध घालून अडवलं, ये-जा करायला लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करून बोट पलीकडे सोडणारी दारं) बांधले आणि भरतीच्या पाण्यासाठी बाजूने न्यू कट नावाचा नवा मार्ग खणला. १८०९ मध्ये हे काम पुरं झालं. तेव्हापासून आतलं पाणी बारा महिने जवळपास एकाच पातळीला राहतं आणि बोटी तरंगत राहतात, म्हणून नाव फ्लोटिंग हार्बर.

नवख्या माणसाने यातून एवढंच घ्यायचं : आत दोर एकदा नीट बांधला की रात्री भरतीच्या वेळेचा गजर लावून उठायला नको. पण नदीमुखाकडच्या टोकाला असलेल्या कंबरलंड बेसिनच्या लॉकपलीकडे पाऊल टाकायचं नाही. तिथे पाणी घोड्यासारखं धावतं आणि नॅरोबोटीचा तळ सपाट असतो. दुसऱ्या टोकाला नेदम लॉक आहे, तिथून नदीने बाथकडे जाता येतं. तो रस्ता सुंदर आहे, पण पाऊस लागला की नदी काही तासांत चढते. त्यामुळे पहिलं वर्ष बंदरातच काढा.

मालवाहू जहाजांसाठी हे बंदर १९७५ मध्ये बंद झालं. आता सगळा कारभार नगरपालिकेच्या हार्बर ऑफिसकडे आहे. एरवी फेरीबोटी आणि पर्यटकांचा नुसता गजबजाट असतो. २३ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी घरात बसायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर एकही लाट उठेना. दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती. आम्ही धक्क्याने चालत कॉलेज ग्रीनपर्यंत जायचो. तिथे राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे. ते १८३३ मध्ये याच शहरात तापाने गेले आणि त्यांची समाधीही इथेच, आर्नोज व्हेलच्या दफनभूमीत आहे. घरापासून इतक्या लांब आजारी पडलेला माणूस म्हणून त्या महिन्यात त्यांच्याबद्दल जरा वेगळंच वाटायचं.

परतताना ब्रुनेल या इंजिनिअरचं एसएस ग्रेट ब्रिटन हे जुनं जहाज दिसतं. १८४३ मध्ये ज्या गोदीतून ते पाण्यात उतरलं, त्याच गोदीत आज उभं आहे. १८६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघ याच जहाजातून गेला, आणि त्याआधी १८५७ च्या उठावात ब्रिटिश फौज मुंबईला उतरवली तीही यानेच. अशा शेजाऱ्याशी नमस्कारापुरताच संबंध ठेवावा.

बोटीआधी धक्का शोधा

इथेच बहुतेक लोक फसतात, आम्हीही फसलो. बोट विकत मिळते हो, पण ती बांधायची कुठे? धक्का दोन प्रकारचा असतो : राहण्याचा आणि हौसेचा. हौसेच्या धक्क्यावर बोट ठेवता येते, शनिवार-रविवार झोपताही येतं, पण ते तुमचं घर धरत नाहीत. भाडं कमी दिसलं की तो हौसेचा धक्का आहे असं समजा. आम्हाला एका ठिकाणी तोंडी सांगितलं, "राहा, कोण विचारतंय." सहा आठवड्यांनी विचारलं. चार दिवसांत बोट हलवायला लागली. तेव्हा कोरोना नव्हता म्हणून निभावलं. लॉकडाऊनमध्ये असं झालं असतं तर जायचं कुठे? करारात 'निवासी' हा शब्द दिसल्याशिवाय एक पेनीसुद्धा देऊ नका. राहण्याचे धक्के मोजकेच आहेत, यादीत नाव घालून थांबावं लागतं.

दुसरा मार्ग फिरतीचा. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेच्या कालव्यांवर परवाना काढायचा आणि एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. धक्क्याचं भाडं नाही. ब्रिस्टलजवळचा केनेट अँड अ‍ॅव्हन कालवा अशा लोकांनी भरलेला आहे. लॉकडाऊनमध्ये ट्रस्टने चौदा दिवसांचा नियम स्थगित केला आणि पाणी भरणं, संडासाची टाकी रिकामी करणं अशा गरजेपुरतंच हला असं सांगितलं. हे ऐकून काही जणांना वाटतं की फिरतीचं लायसन्स काढून एका जागी ठाण मांडता येतं. सवलत आहे ती, आज ना उद्या उठेल. नोकरी आणि मुलांची शाळा एकाच गावात असेल तर हा मार्ग धरू नका.

कागद दोन हवेतच : विमा आणि बोट सेफ्टी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. विकणाऱ्याकडे संपत आलेलं असेल तर किंमत पाडून मागा, कारण नव्या तपासणीत गॅसची नळी, वायरी, काही ना काही निघतंच.

पत्त्याचंही बघून ठेवा. टपाल कुठे येणार? बँकेला काय सांगणार? डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नाव नोंदवायला मात्र इंग्लंडात पत्त्याचा पुरावा लागत नाही. रिसेप्शनवर मागितला तरी शांतपणे हेच सांगा. लशीचं बोलावणं या नोंदणीवरूनच येतं, तेव्हा बोटीवर आल्या आल्या हे काम उरकून टाका.

बोट बघायला स्वतः जा

कोरोनामुळे सध्या सगळे व्हिडिओवर बोटी दाखवतात. व्हिडिओवर वास येत नाही. जुन्या बोटीची खरी माहिती वासातूनच मिळते : ओल, डिझेल, कुजलेलं लाकूड. मास्क लावून एकट्याने जा, दारं-खिडक्या उघडून ठेवायला सांगा, आणि शेवटी बाहेर मोकळ्यावर येऊन पुन्हा आत डोकं घालून क्षणभर मास्क खाली करून हुंगा. पलंगाखालची फळी उचलून पाहा. तळात पाणी साचलंय का?

पोलादी तळाची जाडी सर्व्हेअरकडून बोट पाण्याबाहेर काढून मोजून घ्या. पैसे जातील, जाऊ द्या. तळाला दर दोन-तीन वर्षांनी काळा थर द्यावा लागतो, तो शेवटी कधी दिला हे विचारा. मागणी वाढल्यामुळे विकणारे घाई करतात. करू देत.

चार टाक्यांचा हिशेब

घरात नळ सोडला की पाणी येतं आणि फ्लश ओढला की जातं. बोटीवर दोन्ही टोकं तुमच्या हातात असतात.

आमची पाण्याची टाकी ४०० लिटरची. दोघांना आठ-नऊ दिवस जाते. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात लाकडी काठीवर खुणा करून टाकली, ती रोज रात्री बुडवून बघायची. पुढे ती फोन चार्ज करण्याइतकी अंगवळणी पडली. टाकी निम्मी झाली की भरायची, रिकामी व्हायची वाट पाहायची नाही, कारण उद्या आपण आजारी पडलो किंवा धक्क्यावरचा नळ गोठला तर? या महिन्यात तो सलग तीन दिवस गोठला होता.

गॅस लाल बाटलीतला घ्या. लाल म्हणजे प्रोपेन, निळी म्हणजे ब्यूटेन. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, म्हणजे नेमक्या थंडीच्या सकाळी चहा नाही. आमची १३ किलोची बाटली, आपल्या घरगुती सिलेंडरपेक्षा जराशी लहान, स्वयंपाकाला सहा आठवडे पुरते. एक लावलेली, एक भरलेली, असं कायम ठेवा. पहिल्या लॉकडाऊनच्या सुरुवातीला लोक टॉयलेट पेपरच्या मागे धावत होते तेव्हा आम्ही बाटलीच्या मागे होतो. प्रेशर कुकर आणलाच पाहिजे. इथले लोक मसूर तास तासभर उकळत ठेवतात.

विजेचं थोडक्यात : धक्क्यावर १६ अँपिअरचं कनेक्शन मिळतं. किटली आणि इस्त्री एकत्र लावलीत की गेली. सौर पट्ट्या उन्हाळ्यात छान चालतात. डिसेंबरात त्यांच्यावर लॅपटॉपही धड चालत नाही. घरून काम करणार असाल तर ४जी राउटर घ्या आणि त्याची अँटेना छतावर बाहेर बसवा. पोलादी डब्यात सिग्नल शिरत नाही, हे मला महत्त्वाच्या मीटिंगमध्ये कळलं.

आणि संडास. दोन प्रकार : मोठी टाकी, जी महिन्या-दोन महिन्यांनी पंपाने उपसून घ्यावी लागते, किंवा कॅसेट, म्हणजे चाकं असलेली वीसेक लिटरची पेटी, जी तुम्ही स्वतः ओढत नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. आमच्याकडे कॅसेट आहे. दोघांत तीन दिवस जाते. लाज चार दिवसांत सुटते. पेट्या मात्र तीन ठेवा. का, ते पुढे येईलच.

नाकावर विसंबू नका

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं वाचा.

बोटीवर दोन गोष्टी गुपचूप जीव घेतात. एक गळका गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली बोटीच्या तळात जाऊन साचतो. घरात खिडकी उघडली की निघून जातो, तसं इथे होत नाही. गळती कळावी म्हणून त्यात वास मिसळलेला असतो. दुसरी कार्बन मोनॉक्साइड, शेगडीतून, इंजिनातून किंवा शेजारच्या बोटीच्या धुरातून आत येणारा. त्याला वासच नाही. तो अंगात भिनला की डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, थकवा येतो.

आता कोरोनाची लक्षणं आठवा. वास जातो. डोकं दुखतं, थकवा येतो.

नोव्हेंबरात नवऱ्याला झाला. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. तीन दिवसांनी सकाळी मी आमटीला फोडणी घातली आणि काहीच आलं नाही. मोहरी तडतडली, हिंगाचा बुडबुडा आला, पण जणू कुणी टीव्हीचा आवाज बंद करून चित्र तेवढं ठेवलं होतं. हिंगाची डबी उघडून नाकाला टेकवली. ती आमच्याकडे तीन झाकणांत बंद असते, एरवी नुसती कपाटातून काढली तरी कळते. काही नाही. डबी हातात धरून उभी होते आणि एकदम लक्षात आलं : आज गॅस गळत असेल तर या बोटीत ते सांगणारं एकही नाक नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण बंद करून थांबायचं नाही, पुढे जाऊन बाटलीचाच व्हॉल्व्ह बंद करायचा. गॅस डिटेक्टर मागवला, तो तळाजवळ बसवला. हिंगाची डबी रोज सकाळी हुंगायची. मला वास परत यायला सतरा दिवस लागले, नवऱ्याला जवळजवळ महिना.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१९ च्या एप्रिलपासून सर्टिफिकेटसाठी सक्तीचाच आहे. एकावर भागवू नका, झोपायच्या खोलीत आणि शेगडीपाशी असे दोन लावा आणि दर आठवड्याला बटण दाबून तपासा. दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखायला लागलं आणि बाहेर धक्क्यावर गेल्यावर थांबलं, तर आधी शेगडी आणि इंजिन बंद करा, दारं उघडा, बाहेरच थांबा आणि मदतीला फोन करा. कोरोनाची टेस्ट नंतर. थंडी कितीही असो, दारांतली आणि छतावरची हवेची भोकं बोळे कोंबून बुजवू नका. आमच्यासमोर लोकांनी बुजवली आहेत.

आजारी पडलात तर

नॅरोबोटीची बाहेरची रुंदी सहा फूट दहा इंच. सरकार सांगतं दोन मीटर अंतर ठेवा. म्हणजे दोघांनी बोटीच्या दोन भिंतींना पाठ लावून उभं राहायचं आणि तरी कमीच पडणार. लांबी मात्र पन्नास फूट आहे, तिचा उपयोग करा. बोटीला पुढे आणि मागे अशी दोन दारं असतात. आम्ही मागची खोली आणि मागचं दार नवऱ्याला दिलं, पुढचं सगळं मला. मधला संडास सामाईक, तो वापरल्यावर खिडकी उघडी. तरी मला झाला, पण निदान दोघं एकाच दिवशी आडवे पडलो नाही. बोटीवर शेवटी तेवढंच जमवायचं असतं, कारण उबेसाठीची कोळशाची शेगडी कुणीतरी पेटती ठेवावी लागते.

तेव्हाच्या नियमाने रुग्णाला दहा दिवस आणि घरातल्या माणसाला चौदा दिवस बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. तीन दिवसांची एक कॅसेट धरली तर चौदा दिवसांत किती झाल्या? पाच. त्या कुणी ओढून न्यायच्या? शेजारच्या डच बार्जवर सत्तरीचे एक निवृत्त खलाशी राहतात. आम्ही त्यांना काही विचारायच्या आधी त्यांनीच हाक मारली, "पेट्या किती आहेत तुमच्याकडे?" दोन होत्या. तिसरी त्यांनी स्वतःची दिली. आम्ही पेटी पुसून मागच्या डेकवर ठेवायची, आत जाऊन दार लावायचं, मग ते हातमोजे घालून यायचे. पाण्याचा पाइप टाकीत सोडायचेही तेच. दुसऱ्याच्या संडासाची पेटी ओढणाऱ्या माणसाला काय द्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. सध्या दर रविवारी पुरणपोळी जाते. त्यांना ती लोणी लावून, टोस्टसारखी खायला आवडते.

म्हणून शेजाऱ्यांशी ओळख आजारी पडायच्या आधी करा. आल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बोटींना फोन नंबर द्या, त्यांचा घ्या. दारू, राजकारण, धूर यांवरून भांडणं होतात, ती होऊ द्यात, पण नंबर ठेवा.

ऑक्सिमीटर बोटीवर असू द्या. इथल्या आरोग्य खात्याच्या सूचना अशा : ९५ किंवा वर ठीक, ९३-९४ आलं तर डॉक्टरला किंवा १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन, ९२ किंवा खाली तर थेट ९९९, म्हणजे अँब्युलन्स. आणि ९९९ ला नुसतं "बोट, ब्रिस्टल हार्बर" सांगून भागत नाही. जवळचा रस्ता, पाँटूनचं (तरंगत्या धक्क्याचं) नाव, बोटीचा क्रमांक, फाटकाचा कोड हे सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. धाप लागलेली असताना कोड आठवत नाही.

ओल आणि फोडणी

पोलादी भिंत बाहेरून गार, आतून माणसांचा श्वास आणि भाताची वाफ. परिणाम काय, तर सकाळी खिडक्यांतून धारा आणि गादीखाली बुरशी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला. कुकरची शिट्टी होताना छतावरचा झरोका उघडा. कपडे आत वाळत घालू नका. हे शेवटचं पाळणं अवघड होतं, कारण पहिल्या लॉकडाऊनमध्ये आमच्या धक्क्यावरची लाँड्री आणि शॉवर दोन्हींना कुलूप होतं. चादरी आम्ही छतावर वाळवल्या, आणि समोरच्या काठावरच्या कुणीतरी त्याची तक्रारही केली.

शेगडीत धूर न करणारा कोळसाच घाला, आणि राख धातूच्या झाकणबंद डब्यात काढून बाहेर ठेवा. मिरचीची फोडणी द्यायची तर आधी शेजाऱ्यांना सांगा. खोकल्याच्या साथीत कुणी धक्क्यावर खोकायला लागलं की लोक घाबरतात.

पाण्यात पडलात तर

एकदा पडालच, बहुधा हिवाळ्यात, बहुधा पाँटूनवर गोठलेल्या दवावरून घसरून. गार पाण्याने पहिल्या मिनिटाला श्वास उचकतो, आणि पोहता येणारी माणसं त्या मिनिटात बुडतात. हातपाय मारू नका. पाठीवर झोपून तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, मग शिडीकडे. सर्वांत जवळची शिडी कुठे आहे ते आजच चालत जाऊन बघून या. रात्री एकट्याने दोर सांभाळायचे तर लाइफ जॅकेट घालूनच. आणि बाहेर आल्यावर अंग साबणाने धुवा, जखम असेल तर नीट, कारण बंदरात उंदीर आहेत. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो काय असतो हे २००५ च्या पुरानंतर मुंबईकराला सांगायला नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच तर डॉक्टरला पाण्यात पडल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर ते कोरोनाच समजून बसतील.

पहिली रात्र

पहिल्या रात्री झोप लागणार नाही. दोर ताणला की कण्हल्यासारखा आवाज येतो. डिझेलचा हीटर मध्येच गुरगुरतो. पहाटे पाचच्या सुमाराला कुणीतरी उशापाशी, भिंतीच्या पलीकडून, टकटक टकटक करायला लागेल. आम्ही दोघं पायजम्यात टॉर्च घेऊन डेकवर गेलो होतो, नवऱ्याच्या हातात लाटणं. बदकं असतात. पाण्यालगत बोटीच्या भिंतीला धरलेलं शेवाळ चोचीने टोचून खातात. तुम्ही कूस बदलून झोपा.